छाती-पाठ दुखणाऱ्या नाचवाल्यांसाठी : कोथरूडच्या एका फिजिओ क्लिनिकचा रिव्ह्यू

पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली येईलच. क्लिनिकचं नाव टाकत नाहीये कारण तिथल्या फिजिओ मॅडमनीच सांगितलंय की आधीच वेटिंग इतकं आहे की नवीन पेशंट घेता येत नाहीयेत, पण मला यात क्लिनिकपेक्षा फिजिओ कसा निवडायचा हे जास्त सांगायचंय, त्यामुळे नाव नसलं तरी चालेल. आणि हो, मोठं होणारे हे, चहा घेऊन बसा.

मी कथक करते. लहानपणापासून, मध्ये नोकरी, लग्न, पोरगी यात मोठी गॅप, आता परत रियाज जोरात सुरू केलाय आणि शनिवार-रविवार छोट्या मुलींची बॅच पण असते. दुखणं असं की छातीच्या मधल्या हाडाच्या डाव्या कडेला, गळ्याच्या खळग्यापासून तीन-चार बोटं खाली, अगदी बोट ठेवून दाखवता येईल अशी एक जागा, आणि त्याच लेव्हलला मागे खांद्याचा फरा आणि मणका यांच्या मधे एक. कधी पुढचं दुखतं, कधी मागचं, प्रोग्रॅम जवळ आला की दोन्ही. शिंक आली तर जीव जातो. कुशीवर वळताना कळ. काही आठवडे गायब होतं आणि वाटतं गेलं बाबा एकदाचं, मग गुरुपौर्णिमेच्या तालमी सुरू झाल्या की परत हजर.

छातीत दुखतंय म्हटलं की आपल्याकडे दोनच निदानं असतात, हार्ट नाहीतर गॅस. आईने ओवा दिला, सासूबाईंनी हिंग कोमट पाण्यात, ऑफिसमधल्या एकाने ॲसिडिटीची गोळी, आणि शेजारच्या काकूंनी रुईचं पान गरम करून बांध म्हणून सांगितलं (शेक म्हणून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू). पण हे सगळं करायच्या आधी एक काम करा, ईसीजी काढा. तुम्ही कितीही नाचत असाल, कितीही फिट असाल, तरी काढा. आमच्या फॅमिली डॉक्टरांनी ईसीजी काढला, तो नॉर्मल आला, मग त्यांनी बोटाने बरगड्यांच्या कडेने दाबत दाबत त्या एका जागी दाबलं आणि मी ओरडलेच, तेव्हा म्हणाले कॉस्टोकॉन्ड्रायटिस वाटतोय. दाबल्यावर नेमकं तेच दुखणं उठतं ही याची मुख्य खूण. पण त्यांनी हेही बजावलं की दाबल्यावर दुखतंय म्हणजे हार्ट नाहीच असं धरून घरी बसायचं नाही. छातीवर ओझं ठेवल्यासारखं वाटणं, दम लागणं, घाम फुटणं, दुखणं हातात किंवा जबड्यात जाणं, असलं काही झालं तर सरळ १०८ ला फोन. चाळिशीच्या पुढचे, शुगर-बीपीवाले, घरात कुणाला हार्टचा त्रास असलेले यांनी तर जास्तच.

आता हे असतं काय ते सांगते, कारण मला हे कळल्यावरच अर्धी भीती गेली. बरगड्या बारा जोड्या, त्यातल्या वरच्या सात पुढे मधल्या हाडाला थेट येऊन मिळतात, पण हाड हाडाला चिकटत नाही, मधे कूर्चा असते, नाकाच्या शेंड्याला असते तशी मऊसर लवचिक. तिथे सूज-दाह झाला की कॉस्टोकॉन्ड्रायटिस. जास्त करून दुसऱ्या ते पाचव्या बरगडीला होतो. वरून डोळ्याला दिसेल अशी गाठीसारखी सूज असेल तर तो वेगळा, त्याला टिट्झे सिंड्रोम म्हणतात, तो कमी जणांना होतो. एक्सरेत यातलं काही दिसत नाही, म्हणून एक्सरे नॉर्मल आला की घरचे म्हणतात बघ काही नाहीये, आणि आपण तिकडे खोकला दाबत बसलेलो. आणि मागे प्रत्येक बरगडी मणक्याला जोडलेली असते, तिथे पण सांधे आहेत, शेवटच्या दोन सोडल्या तर प्रत्येक बरगडीचा मणक्याच्या मुख्य भागाशी एक आणि त्याच्या बाजूच्या टोकाशी एक. हे सांधे प्रत्येक श्वासाला हलतात. मिनिटाला पंधरा श्वास धरले तरी दिवसाचे वीस हजाराच्या वर जातात. गुडघा दुखला तर पाय वर घेऊन बसता येतं, याला सुट्टी कुठून देणार?

आधी मी दुसऱ्या एका ठिकाणी जात होते, घराजवळचं, त्याचंही नाव नको. तिथे गेलं की पडायचं, हॉट पॅक, मग आयएफटीचे (हलक्या करंटचे) चिकट पॅड, मग अल्ट्रासाऊंडची जेल लावून गोल गोल, मग उठायचं, पैसे द्यायचे, उद्या या. पडद्यापलीकडे एक आजोबा त्यांच्या गुडघ्याला, एक आयटीवाला त्याच्या मानेला, सगळ्यांना सेम टू सेम. झोप छान लागायची. बरं वाटायचं पण संध्याकाळपर्यंत, आणि कुणी एकदाही विचारलं नाही की तुम्ही नाचता म्हणजे नक्की करता काय. पुण्यात रोहिणी भाट्यांनी १९४७ मध्ये नृत्यभारती सुरू केली तेव्हापासून कथक इथे मुरलंय, आज कोथरूड-सहकारनगरच्या कुठल्याही सोसायटीत संध्याकाळी तत्कार (कथकमधलं पायांचं काम) ऐकू येतो, पण फिजिओ शोधायला गेलात तर सगळे मॅरेथॉन आणि क्रिकेटवाले. रनरच्या टाचेबद्दल तासभर बोलतील आणि आपण चक्कर (कथकमधली गिरकी) म्हटलं की म्हणतात, चक्कर येते का तुम्हाला, बीपी चेक करा. सिरियसली झालंय हे माझ्यासोबत.

तर या मॅडम. क्लासमधल्या एका मैत्रिणीने पाठवलं. पहिल्या दिवशी टेबलवर झोपवलंच नाही त्यांनी. आधी बराच वेळ प्रश्न, कधीपासून, सकाळी जास्त की रात्री, ताप येतो का, वजन कमी झालंय का, अलीकडे मोठा खोकला झाला होता का (झाला होता, दिवाळीनंतर पुण्यात कुणाला होत नाही), कुठल्या कुशीवर झोपता, गाडीवर किती वेळ, लॅपटॉपची बॅग कुठल्या खांद्याला. आणि मग म्हणाल्या, "चला, नाचून दाखवा." मला वाटलं चेष्टा करतायत. नाही. टेबल सरकवलं, दारावरची डिलिव्हरीवाल्याची बेल वाजत होती तिकडे दुर्लक्ष, आणि मला जीन्समध्ये उत्पत्तीत उभं केलं.

ज्यांना कथक माहीत नाही त्यांच्यासाठी, उत्पत्ती म्हणजे दोन्ही हात छातीसमोर, कोपरं खांद्याच्या लेव्हलला उचललेली. तिथूनच सगळं सुरू होतं आणि परत तिथेच येतं. तुम्ही आत्ता बसल्या जागी कोपरं तशी धरून पाच मिनिटं थांबून बघा, मग कळेल फऱ्याच्या आतल्या कडेला काय होतं ते. त्यात तत्कार दुगुन-चौगुन, म्हणजे दुप्पट-चौपट लयीत चालू. मॅडम माझ्या मागे उभ्या राहिल्या आणि दोन बोटं माझ्या दोन्ही फऱ्यांच्या खालच्या टोकांवर ठेवली, तत्कार चालू ठेवा म्हणाल्या. चौगुनला गेल्यावर थांबवलं. डावा फरा वर चढून कानाकडे निघालाय म्हणाल्या, उजवा आहे तिथेच आहे. मग चक्कर घ्यायला लावले. चक्करमध्ये हात उघडतो आणि झटक्यात परत छातीशी येतो, तो झटका छातीचा मोठा स्नायू मारतो, आणि तो स्नायू बसलेला असतो नेमका मधल्या हाडावर आणि वरच्या सहा बरगड्यांच्या कूर्चेवर. म्हणजे एका बैठकीत सत्तावीस चक्करांची जी माळ आपण कौतुकाने करतो, ती प्रत्येक वेळी त्या दुखऱ्या जागेला ओढतच असते. इतकं साधं गणित आणि इतकी वर्षं कुणी सांगितलं नव्हतं.

पण खरा शोध पुढेच. म्हणाल्या, आता एक चक्रदार करा आणि पढंत पण तुम्हीच करा (चक्रदार म्हणजे तिहाईने, एकच तुकडा तीनदा घेऊन, संपणारी रचना अख्खी तीनदा करणं, आणि पढंत म्हणजे बोल तोंडाने म्हणणं). मी केलं. समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, आल्यावर त्या म्हणाल्या, "तिहाईत तुम्ही श्वासच घेतला नाहीत." मी म्हटलं घेतला असणार, नाहीतर बोलले कशी. परत करायला लावलं, या वेळी माझा फोन घेऊन बाजूने व्हिडिओ काढला आणि दाखवला. खरंच तिसऱ्या पल्ल्यात पोट आत ओढलेलं, बरगड्या वर उचलून लॉक झालेल्या, गळ्याच्या शिरा ताणलेल्या, आणि सम आल्यावर धप्पकन सगळं खाली. बोल चालू आहेत पण ते आधीच्या श्वासावर, उधारीवर. क्लासमध्ये "छाती वर, छाती वर" ऐकतच मोठ्या झालो आपण, आणि त्याचा अर्थ मी बरगड्यांचा पिंजरा पुढून उघडून धरणे असा घेतलेला. दिसतं छान. पण पिंजरा असा धरला की मागचे सांधे दाबले जातात आणि पुढची कूर्चा ताणली जाते.

मग शिंप्याची असते तशी टेप काढली. छातीभोवती, चौथ्या बरगडीच्या लेव्हलला, पूर्ण श्वास सोडा म्हणाल्या, आकडा लिहिला, पूर्ण घ्या, परत लिहिला. फरक तीन सेंटीमीटरच्या थोडा वर. पाच सेंटीमीटरच्या आसपास यायला पाहिजे, आणि अडीचच्या खाली असला तर त्या वेगळी शंका घेतात, ते खाली सांगते. रोज तासभर नाचणाऱ्या बाईची छाती तीन सेंटीमीटर फुगते हे ऐकून मला लाजच वाटली, त्या म्हणाल्या, लाजू नका, डान्सर लोकांत बघते मी हे, पोट आत ठेवायची सवय.

नंतर पालथं झोपवून पाठ तपासली. मणक्याच्या दोन्ही बाजूंना अंगठ्याने एकेक बरगडी दाबत वरून खाली. उजवीकडे दाबलं की थोडं आत जायचं आणि परत यायचं, डावीकडे चौथ्या-पाचव्या बरगडीपाशी दगड. त्यांचं म्हणणं असं की मागचा सांधा आखडलाय, म्हणून श्वासाला आणि हाताच्या हालचालीला लागणारी ती जी काय हालचाल आहे ती सगळी पुढच्या कूर्चेला करावी लागते, आणि ती दमते, चिडते. एका दरवाजाची एक बिजागरी गंजली की दुसरी खिळखिळी होते तसं. त्यामुळे पुढे कितीही जेल चोळा, मागचं सुटलं नाही तर ते परत येणारच. मला हे पटलं कारण मागे दाबून सैल केल्यावर त्याच दिवशी दीर्घ श्वासाला पुढची कळ कमी झाली होती. गेली नव्हती, कमी झाली होती. सगळ्यांचं दुखणं याच कारणाने असतं असं नाही, हे त्यांनीच सांगितलं.

दाबताना कट्ट आवाज आला एकदा. मी खूश, म्हटलं बसलं हाड जागेवर. त्यावर छोटंसं लेक्चर मिळालं की हाड कुठे सटकलं नव्हतं आणि कुठे बसलं पण नाही, सांध्यातल्या द्रवात गॅसचा बुडबुडा होतो त्याचा तो आवाज, आवाज आला म्हणजे काम झालं असं नाही आणि नाही आला म्हणजे झालं नाही असंही नाही. रीलवर मान मोडणारे लोक बघून जे उठसूट पाठ मोडून घ्यायला जातात त्यांनी हे वाचा. छातीत दुखत असताना कुणाही अनोळखी माणसाला पाठीवर गुडघा देऊ देऊ नका प्लीज.

घरी करायला जे दिलं ते अगदी मोजकं आणि त्यातली एकच गोष्ट विकत आणायची होती, ती पण आमच्या गल्लीतल्या पोरांकडून फुकट मिळाली, टेनिस बॉल. दोन बॉल एका मोज्यात घालायचे, मधे गाठ मारायची म्हणजे दोन्ही एकमेकांना चिकटून राहतात, मग सतरंजीवर उताणं झोपून ते पाठीखाली असे ठेवायचे की मणका दोघांच्या मधल्या खाचेत आणि बॉल दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर. गुडघे वाकवलेले. फऱ्याच्या खालच्या टोकापासून सुरुवात, पाच-सहा सावकाश श्वास, सोडताना अंग सैल, मग थोडं वर सरकायचं. कमरेखाली ठेवायचे नाहीत. मानेखाली नाहीत. पलंगाच्या गादीवर करू नका, काही होत नाही, बॉल गादीत जातो. पहिल्या आठवड्यात मला फरशीवर सहनच होत नव्हतं म्हणून बॉलवर जाड टॉवेल टाकला. त्यांच्याकडे विकायला रेडिमेड शेंगेच्या आकाराचा बॉल पण होता, पण म्हणाल्या आधी हे करून बघा, आवडलं तर घ्या. विकायची संधी सोडणारा माणूस मला लगेच विश्वासू वाटतो. ज्यांची हाडं ठिसूळ झाली आहेत त्यांनी मात्र हे विचारल्याशिवाय करू नका.

बाकी व्यायाम म्हणजे कुशीवर झोपून वरचा हात पुस्तकाचं पान उलटल्यासारखा मागे नेणे, मार्जारासन पण घाईघाईत नाही, श्वासाबरोबर, आणि रबरबँड खिडकीच्या गजाला बांधून कोपरं मागे ओढणे, म्हणजे फऱ्याखालचे जे स्नायू झोपलेत ते उठतात आणि खांदे कानाकडे जायचे थांबतात. दाराच्या चौकटीत हात टेकून छाती ताणायचा जो व्यायाम सगळीकडे सांगतात तो मला सुरुवातीला बंद ठेवला, कारण चिडलेल्या कूर्चेला ओढून ती शांत होत नाही. सूर्यनमस्कार पण बंद. यावर घरात मोठा वाद झाला, बाबा रोज बारा घालतात, त्यांच्या मते सूर्यनमस्काराने न जाणारं दुखणं जगात नाही. पण साष्टांगात छाती टेकताना आणि तिथून भुजंगासनात जाताना अख्खं वजन हातावर येतं आणि छातीचा तोच स्नायू काम करतो. काही आठवड्यांनी परत सुरू करून दिले, भिंतीला हात टेकून, मग टेबलला, मग जमिनीवर.

सगळ्यात जास्त फरक कशाने पडला विचाराल तर श्वासाने, आणि सगळ्यात कंटाळवाणं पण तेच. उताणं झोपून दोन्ही तळवे बरगड्यांच्या खालच्या बाजूंवर ठेवायचे आणि श्वास तिथे, बाजूला आणि मागे भरायचा, वर खांद्याकडे नाही. मग तेच उभं राहून. मग उत्पत्तीत. मग विलंबित, म्हणजे संथ, तीनतालात नुसता थाट (सुरुवातीची उभं राहायची ढब) लावून, कारण तिथे वेळ असतो. मग तिहाईत श्वास कुठे घ्यायचा ते ठरवून, गाणारे ठरवतात तसं, वहीत बोलांवर पेन्सिलने टिक केल्यात मी. क्लासच्या आमच्या ताईंनी, म्हणजे गुरूंनी, ती वही बघितली आणि आधी भुवया उडवल्या, मग दुसऱ्या दिवशी अख्ख्या सीनियर बॅचला टिका करायला लावल्या. तोपर्यंत आमच्याकडे पाठ दुखतेय म्हटलं की उत्तर ठरलेलं, "म्हणजे रियाज झाला."

वस्तूंबद्दल पण लिहिते कारण यात लोकांचे पैसे जातात. खांदे मागे ओढणारा पोश्चर बेल्ट माझ्याकडे होता, मॅडमनी तो हातात घेतला, काखेतला इलास्टिक ताणून बघितला आणि म्हणाल्या हा तुमचं काम करतो म्हणून तुमचे स्नायू करत नाहीत, ठेवा कपाटात. अंगावर चिकटवायची रंगीत टेप लावून दिली एका प्रोग्रॅमला, फऱ्यावरून खाली अशी, तिने दुखणं गेलं नाही पण खांदा वर चढला की कातडी ओढली जाऊन आठवण यायची, तेवढ्यापुरती बरी, घामाने मध्यंतरात निघाली. केमिस्टकडची डायक्लोफेनॅकवाली जेल छातीच्या जागी थोडी चालते, पण जेल लावून त्यावर इलेक्ट्रिक शेक घ्यायचा नाही, कातडी भाजते. हे ट्यूबवर बारीक अक्षरात असतं आणि कुणी वाचत नाही. पेनकिलरची गोळी घेऊन स्टेजवर जाऊ नका असं त्यांनी दम देऊनच सांगितलं, दुखणं झाकलं जातं आणि आपण दुप्पट नाचून येतो, शिवाय पोटाचं आणि किडनीचं वेगळंच. शेक मात्र बिनधास्त, तालमीच्या आधी दहा-पंधरा मिनिटं, गरम पाण्याची साधी रबरी पिशवी, वरून टॉवेल.

आणि एक गोष्ट जी पुरुष फिजिओने मला कधीच विचारली नसती. कपडे. तालमीला मी जी स्पोर्ट्स ब्रा घालायचे तिचा पट्टा नेमका त्या दुखऱ्या बरगडीच्या खाली करकचून बसायचा, संध्याकाळी वळ दिसायचा. त्यावर अंगरख्याची चोळी, ती शिवताना आपण टेलरला सांगतो फिट्ट पाहिजे, हुक लागता लागत नाहीत अशी, वर कमरपट्टा, दुपट्टा पिनांनी ताणून. मॅडम म्हणाल्या, श्वास घेतलेला असताना माप द्या टेलरला. मी नवीन चोळीचं तसं दिलं. आमचे टेलरकाका म्हणाले, ढगळ होईल ताई. स्टेजवरून काहीही ढगळ दिसलं नाही.

वर म्हटलं होतं ती वेगळी शंका. आमच्या क्लासमधला एक मुलगा पण माझ्या मागून त्यांच्याकडे गेला, त्यालाही पाठ आणि छाती, आम्हाला वाटलं सेम केस. त्याला त्यांनी हात लावायच्या आधीच विचारलं, सकाळी उठल्यावर आखडलेलं किती वेळ राहतं, रात्री दोन-तीनला पाठदुखीने जाग येते का, नाचल्यावर बरं वाटतं की जास्त दुखतं. त्याची उत्तरं उलटी होती, सकाळी अर्ध्या तासाहून जास्त आखडलेलं, पहाटे जाग, आणि हालचाल केली की बरं, आराम केला की वाईट. टेपवर छाती अडीचपर्यंत पण जात नव्हती. त्यांनी फी घेतली नाही आणि सरळ ऱ्हुमॅटॉलॉजिस्टकडे (संधिवाताच्या डॉक्टरांकडे) पाठवलं. अँकिलोसिंग स्पॉंडिलायटिस निघाला. हा संधिवाताचा प्रकार आहे, तरुणपणात सुरू होतो, आणि तीन महिन्यांच्या वर असं दुखत असेल तर रक्ताची एचएलए-बी२७ टेस्ट आणि कमरेखालच्या सांध्यांचा एमआरआय करायला सांगतात. यात औषधं लवकर सुरू होणं महत्त्वाचं असतं. त्याला सगळे पोश्चर सुधार म्हणत होते. तर ज्यांना नुसतं नाचून दुखत नाही, आराम करून दुखतं, त्यांनी टेनिस बॉलच्या मागे लागू नका, आधी हे तपासून घ्या. डोळा लाल होऊन दुखत असेल कधी, तर तेही डॉक्टरांना सांगा, त्याचा याच्याशी संबंध असतो.

रियाज किती करायचा यावर त्यांचा नियम साधा आहे. नाचताना दुखणं दहापैकी तीनच्या आत आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आधीच्या लेव्हलला परत आलं तर चालू ठेवा, सकाळी वाढलेलं असेल तर त्या दिवशी हात खाली ठेवून फक्त पाय. हात नसलेला तत्कार करायला मला पहिल्यांदा नागडं वाटलं होतं, पण पाय सुधारले त्याने. चक्कर तीन-तीनच्या गटात, मधे श्वास. आणि प्रोग्रॅमच्या आधी शेवटच्या आठवड्यात रोज चार तास, ही जी आपली परंपरा आहे, ती त्यांना अजिबात मान्य नाही. त्यांच्या मते जे वाढवायचंय ते दीड-दोन महिने आधीपासून हळूहळू, शेवटचा आठवडा उलट हलका. ताईंना हे सांगायची हिंमत अजून झालेली नाहीये.

आता तो कापलेला स्टार. पहिला मजला आणि लिफ्ट नाही, जिने असे उंच की कंबरवाले पेशंट वर पोचेपर्यंत अजून एक सेशन लागेल. अपॉइंटमेंट सहाची म्हणजे पावणेसात धरून चला. दोन टेबलांमधे फक्त पडदा, त्यामुळे चोळी-ब्राची अख्खी चर्चा पलीकडच्या काकांनी ऐकली, ते बिचारे खोकत होते मधेमधे. व्यायामाचे व्हिडिओ व्हॉट्सॲपवर पाठवतात ते त्यांच्या असिस्टंटने काढलेले, निम्म्यात डोकं कापलेलं, एकात मागे मिक्सर चालू. पहिल्या वेळचे ८००, नंतर ६००, इन्शुरन्समध्ये बसत नाही, माझ्या पॉलिसीत तरी ओपीडी नाही. बिल मागितलं तर देतात पण मागावं लागतं. आणि सिरियस केस मधे आली तर तुमचा वेळ कापला जातो, एकदा माझं वीस मिनिटांत आटपलं आणि पैसे पूर्ण घेतले, ते मला आवडलं नाही, तोंडावर सांगितलं, पुढच्या वेळी वेळ भरून दिला.

पूर्ण बरं झालंय का? नाही. मागच्या पावसाळ्यात सर्दी-खोकला झाला तेव्हा परत उठलं, पण त्या वेळी रात्री दोनला उठून हार्ट अटॅकची लक्षणं सर्च करत बसले नाही, बॉल काढले, चार दिवस हात खाली ठेवून नाचले, उतरलं. छातीच्या मापात आता साडेचार सेंटीमीटर येतात. आता मी दर आठवड्याला जात नाही, प्रोग्रॅमच्या दोन महिने आधी एकदा दाखवून येते आणि मॅडम चक्रदारचा व्हिडिओ बघतात.

तुमच्या गावात असं कुणी शोधत असाल तर फोनवर एकच प्रश्न विचारा, मी नाचून दाखवलं तर बघाल का. हो म्हणाले तर जा. यांच्याकडे कधी नंबर लागलाच तर घुंगरू नेऊ नका, खाली दातांचा दवाखाना आहे आणि तिथल्या डॉक्टरांनी एकदा वर माणूस पाठवला होता. गाडी समोरच्या बेकरीपाशी लावू नका, उचलतात.